त्याच्या नावाचं पाणी

आमच्या गावात पाहुण्याला पाणी विचारलं की पाहुणा आधी आपल्या पिशवीतली बाटली चाचपतो. यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही, माहेरी गेल्यावर मीही तेच करते. कुंडलच्या अलीकडचं हे गाव. कॅनॉल आला तशी माणसं उसाला पाणी सोडून घरी येऊन झोपायला लागली. रानांनी नको तेवढं पाणी पिऊन घेतलं आणि पोटातलं मीठ वर काढलं. विहिरी मचूळ झाल्या. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. नळाला नदीचं पाणी येतं, पण ते त्याच्या मर्जीनं येतं आणि त्याच्याच रंगानं येतं. चहूकडं हिरवागार ऊस आणि प्यायला धड घोट नाही, अशी आमची श्रीमंती आहे.

मग घरोघरी विकतचे जार आले. तात्यांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, त्या पाण्यावर फार राग. पाणी विकणारा आणि विकत घेणारा दोघेही नरकात शेजारी शेजारी बसतील, असं ते म्हणायचे. तिथं तहान लागली तर बाटलीच मिळेल तात्या, असं मी म्हणायचे. मी सांगलीत दिलेली. जीभ मुळातच लांब, शहरात जाऊन ती आणखी वाढली असं आईचं मत. तात्या मात्र माझ्या बोलण्यावर हसायचे. ते हसायचे तेव्हाची ही गोष्ट आहे, म्हणून सांगितली.

माझा धाकटा भाऊ मिलिटरीत होता. आमच्याकडं घरटी एक तरी पोरगा भरतीसाठी पळतो, त्यात नवल नाही. हा पळाला, लागला, आणि त्याच्यासाठी रहिमतपूरची एक मुलगी बघून ठेवली होती तेवढ्यात गेला. डोंगरातल्या रस्त्यावर गाडी घसरून दरीत पडली. लढाई नव्हती, गोळी नव्हती. गावानं पहिले काही दिवस त्याला शहीद म्हटलं. मग पारावरच्या कायदेपंडितांनी खल केला की अपघातात गेलेल्याला शहीद म्हणता येतं का, आणि येत नाही असं ठरवून ते घरी जेवायला गेले. फाट्यावर त्याचा मोठा बॅनर लागला होता. पुढं तो कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर दिसला, वर दगड ठेवून पसरलेला. मी गंजीवर चढून तो काढणार होते. आईनं दंडाला धरून मला घरी आणलं. पावसात कडबा तरी वाचेल, म्हणाली.

तात्यांना पुतळा नको होता, कमान नको होती. त्यांना एवढंच हवं होतं की येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्याच्या नावानं घोटभर पाणी प्यावं. अक्षय तृतीयेला आमच्यात पितरांच्या नावानं पाण्याचा भरला घडा देतात. तो मुलानं बापासाठी द्यायचा असतो. आई दळण निवडत बसली होती, तेव्हा तात्या तिला म्हणाले, "ज्यानं मला पाणी द्यायचं, त्याला आता मी देतोय. समदं उलटंच झालं." सापडलेला खडा तिनं बाजूला टाकला आणि पुढची मूठ निवडायला घेतली.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी फाट्यावर पाणपोई घातली. उसाच्या पाल्याचं छप्पर, खाली वाळू, वाळूवर रांजण, रांजणाला ओलं फडकं. गोडं पाणी राहिलेली एक विहीर लांब आहे, तिथनं ते ट्रॅक्टरनं पाणी आणायचे. पण आता रांजणातलं पाणी पितो कोण? एसटीतून उतरलेला माणूस यायचा, वाकून आत बघायचा, कुठलं पाणी म्हणून विचारायचा. तात्या विहिरीचं नाव सांगायचे. तो मान डोलवायचा आणि पलीकडच्या टपरीवर जाऊन बाटली घ्यायचा. म्हाताऱ्या बायका तेवढ्या प्यायच्या, त्याही आता फाट्यावर किती दिसतात. संध्याकाळी तात्या तो रांजण उपसून बाभळीच्या बुडात ओतायचे. बाभळ त्या वर्षी झकास पालवली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात औंधजवळ नात्यातलं एक लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत प्रत्येक पानापाशी पाण्याची छोटी बाटली मांडलेली, आणि बाटलीवर नवरा-नवरीचा फोटो. मी म्हटलं, घ्या तात्या, आता नवरीलाच घटाघटा प्या. ते हसले नाहीत. बाटली उलटीसुलटी करून बघत बसले आणि उठताना ती त्यांनी कोटाच्या खिशात घातली. दुसऱ्या दिवशी ते पलूसकडच्या एका पाण्याच्या प्लांटवर जाऊन उभे राहिले. नरकातली ती शेजारची जागा त्यांनी पोरासाठी पत्करली.

प्लांटचा मालक भला माणूस. त्यानं सगळं समजावून सांगितलं. लेबल छापायचं तर ऑर्डर मोठीच द्यावी लागते, आणि लग्नसराई सुरू झाली की आम्हाला मान वर करायला सवड नसते, तेव्हा माघातच माल उचला. तात्यांनी मान्य केलं. पाणी बाटलीत बंद आहे, माघात घेतलं काय आणि वैशाखात घेतलं काय, असा त्यांचा हिशोब. मग लेबल. वर्दीतला फोटो, खाली स्मरणार्थ म्हणून नाव, आणि त्याखाली तात्यांनी स्वतः सांगितलेली ओळ: 'पाणी पिऊन जावा.' मालकानं विचारलं, 'जावा'चं 'जा' करू का, शुद्ध दिसेल. तात्या म्हणाले, 'जा' म्हणजे हाकलल्यागत वाटतं. तो कुणाला 'जा' म्हणणारा नव्हता.

लेबलाच्या खालच्या अंगाला बारीक मजकूर होता. पाणी कसं ठेवावं, कुठं ठेवावं, असलं काहीबाही कायद्यानं लिहावं लागतं म्हणे. फोटोत वर्दीची छाती कापली जात होती, म्हणून तात्यांनी तो मजकूर काढायला सांगितला. मालक म्हणाला, काढता येत नाही, पण बारीक करतो. त्यानं तो इतका बारीक केला की मुंग्यांची रांग बरी. छाती मात्र पुरी आली, बिल्ल्यासकट. सहज म्हणून सांगावं तसं हे तात्यांनी मला फोनवर सांगितलं, आणि त्यांचा आवाज कितीतरी महिन्यांनी मोकळा वाटला.

माल आला त्या दिवशी मी गावाकडंच होते. टेम्पोतून बाटल्यांचे गठ्ठे उतरले. पारदर्शक प्लॅस्टिकात आवळलेले, त्यामुळं गठ्ठ्याच्या चारी बाजूंनी तोच दिसत होता. तात्यांनी एक गठ्ठा फोडला आणि टेम्पोवाल्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांच्या हातात एक-एक बाटली दिली. पाणी चांगलं होतं. थंडगार, स्वच्छ, कसलीही चव नसलेलं, म्हणजे आमच्या भाषेत गोड. काकू म्हणाल्या, लेकरू नाव काढतंय. तात्या डोळे पुसत आत गेले आणि उगीचच पंचा शोधत राहिले.

प्रश्न आला तो ठेवायचं कुठं याचा. आमचं माजघर भर उन्हाळ्यातही गार असतं. जागा तीच होती. टेम्पोवाल्यानं पहिली खेप माजघरात रचलीसुद्धा. आई स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थबकली. भिंतभर तोच उभा होता, वरपासून खालपर्यंत, एकच चेहरा. ती म्हणाली, "ह्या घरात एकतर ही ऱ्हातील न्हाईतर मी ऱ्हाईन. मला डोळा लागायचा न्हाई." तिचं काही चुकलं नाही. मी पोटची पोर असून मलाही त्या भिंतीकडं बघवेना. तात्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. त्यांनी सगळे गठ्ठे परत बाहेर काढले आणि घरामागच्या शेडमध्ये नेले.

शेड म्हणजे पत्र्याची. तिथं खताची पोती, तणनाशकाचे डबे, फवारणीचा पंप, डिझेलचा कॅन, ट्रॅक्टरचं ऑईल. शेतकऱ्याच्या शेडमध्ये आणखी काय असणार? तात्यांनी ती झाडून काढली. पोती एका भिंतीला सारली, औषधाचे डबे वरच्या फळीवर चढवले, खाली फळ्या टाकून त्यावर गठ्ठे रचले. रोज संध्याकाळी जाऊन बघायचे, उंदीर लागला का, वाळवी लागली का. दाराला कुलूप घातलं. देवघराची राखली नसेल तेवढी निगा त्यांनी त्या शेडची राखली. आईनं एकदा औषधाच्या वासाचं काढलं होतं. ते म्हणाले, शील पॅक हाय, मुंगी शिरायची न्हाई, वास कुठनं शिरंल? आम्हाला सगळ्यांना ते पटलं. बंद म्हणजे बंद, हे आपण लहानपणापासून डब्यांच्या झाकणांवरून शिकलेलो असतो.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. आमच्याकडचं ऊन कसलं असतं ते सांगायला नको. दुपारी पत्र्याला हात लावला तर फोड येतो. त्या पत्र्याखाली दिवसभर ते पाणी तापायचं, रात्री निवायचं, परत तापायचं. वरच्या फळीवर औषधाचे डबे आणि खाली तो.

अक्षय तृतीयेला मी सकाळच्याच गाडीनं गेले. फाट्यावर मांडव घातला होता. बाटल्या बर्फाच्या पिंपात टाकल्या होत्या, त्यामुळं हाताला गार लागत होत्या. तात्यांनी धुतलेलं धोतर, टोपी, आणि कपाळाला गंध. एसटी थांबली. तात्या स्वतः पुढं होऊन प्रत्येकाच्या हातात बाटली द्यायला लागले. बाटली म्हटल्यावर कुणी वाकून बघितलं नाही, कुठलं पाणी म्हणून विचारलं नाही. लोकांनी फोटो बघितला, काहींनी बाटली कपाळाला लावली. टपरीवाल्यानं आपणहून त्या दिवशी पाण्याची विक्री बंद ठेवली होती. मला वाटलं, झालं, तात्यांच्या मनासारखं झालं.

मग माणसांनी झाकणं फिरवली. पहिल्या घोटाला चेहरा बदलतो तो लपवता येत नाही. एक पोक्त गृहस्थ तात्यांच्या समोर होते. त्यांनी तो घोट गिळला, हात जोडले, चांगलं केलंत म्हणाले, आणि मांडवाच्या मागं जाऊन बाकीची बाटली रस्त्याच्या कडेला उलटी केली. त्यांच्यामागं एक बाई आली, तिनं लेकराच्या तोंडची बाटली काढून घेतली. मग कॉलेजची पोरं. त्यांनी तोंडातलं पाणी सरळ थुंकलं. मी एक बाटली उघडली. नाकाला काही कळलं नाही, बर्फानं वास दाबला होता. घोट घेतल्यावर आधी उन्हात राहिलेल्या प्लॅस्टिकची चव आली. ती एकवेळ चालली असती. पण तो घशाखाली गेल्यावर जिभेच्या मुळाशी आमची शेड उभी राहिली, औषधाच्या डब्यांसकट.

तात्यांनी हे बघितलं. मांडवामागची ओली माती बघितली. त्यांनी एक बाटली उघडली, सगळ्यांच्या देखत तोंड न काढता संपवली आणि म्हणाले, "गोड तर हाय की." सगळी हयात पाठीवर पंप बांधून फवारण्या केलेला माणूस. वाटलं, त्यांच्या नाकाची जाण कधीच गेली असेल, त्यांना कळणार कसं? लोक मात्र आमच्याकडं फार चांगले आहेत. कुणी नको म्हणालं नाही. दर एसटीला माणसं हसतमुखानं बाटली घेत राहिली आणि मागं जाऊन ओतत राहिली. मला त्या चांगुलपणाचा इतका संताप आला की एखाद्यानं तोंडावर शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी प्लांटच्या मालकाला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तो बिचारा दुपारीच आला. येताना आमच्या मालाबरोबरच माघात भरलेल्या, प्लांटवर राखून ठेवलेल्या बाटल्यांपैकी एक घेऊन आला. ती आम्ही प्यालो. ती माघातल्यासारखीच गोड होती. मग त्यानं शेड बघितली आणि दारातच उभा राहिला. तो म्हणाला, बाटलीचं प्लॅस्टिक दिसतं तेवढं बंद नसतं, उन्हानं तापलं की ते पाण्यात उतरतं, आणि बाहेरचा उग्र वास हळूहळू आत मुरतो. सील जागच्या जागी राहतं. म्हणून तर लिहिलेलं असतं, गार जागेत ठेवा, उन्हापासून लांब, वासाच्या वस्तूंपासून लांब. कुठं लिहिलंय, असं आईनं विचारलं. त्यानं बाटली फिरवून दाखवली. वर्दीच्या खालच्या बटणापाशी ती मुंग्यांची रांग होती.

तात्यांना ते पटेना. झाकणाची कडी शाबूत असलेली बाटली पुढं धरून ते पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिले, हे तुटलं नाही तर आत गेलं कुठनं. मालकानं तीन-चार तऱ्हांनी सांगून बघितलं. शेवटी तो म्हणाला, तात्या, हे कुणाला देऊ नका, तुम्हीही पिऊ नका, ओतून टाका. परत घेऊन तरी मी काय करू, दुसऱ्या कुणाला हा फोटो चालणार नाही. तो वाईट बोलला नव्हता, खरं तेच बोलला होता. जाताना त्यानं तात्यांच्या पायाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी पाणपोई उघडली नाही. आम्ही मांडव काढायला गेलो तर फाट्यावर चारी बाजूंना बाटल्या. गटारात, एसटीच्या चाकाखाली चपटलेल्या, टपरीमागं. आणि गावात पुढं कित्येक दिवस त्या दिसत राहिल्या. कुणी त्यात रॉकेलचं उरलंसुरलं ठेवलं, कुणी फिनेल. पहाटे ओढ्याकडं जाणारा एक म्हातारा तीच बाटली भरून नेताना मी बघितला. मी त्याच्या अंगावर धावून जाणार होते. तात्यांनीच हात आडवा केला. त्याला बाटलीशी मतलब हाय, म्हणाले.

मांडवाचे बांबू उतरवताना ते त्या वाळलेल्या डागांकडं बघत होते. आमच्यात एखाद्या गोष्टीची आशा सोडली की तिच्या नावानं पाणी सोडलं असं म्हणतात. दहाव्याला घाटावरही तसंच म्हणतात, तिथं ते खरोखरचं सोडायचं असतं. तात्या म्हणाले, "मी म्हनलं लोकं त्याच्या नावानं पाणी पितील. लोकांनी त्याच्या नावानं पाणी सोडलं गं." मी बांबूची दोरी सोडत राहिले आणि रडत राहिले, ते त्यांना दिसलं तरी चालणार होतं.

शेडमधल्या उरलेल्या बाटल्या ओतायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. ते एकटेच ते पाणी प्यायला लागले. सकाळी रानात जाताना एक, दुपारी जेवताना एक. आई घागर भरून पुढं ठेवायची, ते तिकडं बघायचे नाहीत. कुंडलच्या डॉक्टरांनी दरडावून सांगितलं. ते हो म्हणाले, आणि दवाखान्याच्या पायरीवर पिशवीतनं बाटली काढली. आईनं कुलूप बदललं, त्यांनी कडी उचकटली. मी फोनवर भांडले, घरी येऊन भांडले, बाटल्या फोडीन म्हणाले. ते शांतपणे म्हणायचे, मला काई वास येत न्हाई, मला गोड लागतंय, तुमचं नाक शहरातलं. आम्ही हात टेकले. निदान त्यांना ती घाण कळत नाही, एवढाच दिलासा आईनं आणि मी एकमेकींना दिला. त्या दिलाशावर दोन उन्हाळे काढले.

गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा ते सोप्यात एकटे बसले होते. आई रानात गेली होती. अंगावरचा सदरा कुणा दुसऱ्याचा वाटावा इतके वाळलेत. पुढ्यात उघडी बाटली होती. लेबल उन्हानं पांढरं पडलं होतं, चेहरा ओळखू येत नव्हता, 'जावा' तेवढं वाचता येत होतं. भांडायचं माझ्यात काही उरलं नव्हतं. मांडव काढल्यापासून ह्या माणसाबरोबर भावाच्या नावाचा एक घोटही कुणी प्यालेलं नाही, एवढंच मनात आलं. मी त्यांच्या शेजारी बसले, बाटली उचलली आणि म्हटलं, आज मी पिते तात्या, तुमच्या बरोबरीनं.

बाटली तोंडाला लावली तेवढ्यात त्यांनी ती माझ्या हातातून ओढून घेतली. थोडं पाणी माझ्या पदरावर सांडलं.

"तू नगं पिऊस," ते म्हणाले. "लय घाण वास हाय त्याला. पयल्या दिसापास्नं हाय."

मग त्यांनी उरलेलं पाणी डोळे मिटून पिऊन टाकलं.